बाबीच्या बेसचा गळा

माझ्या दुकानाच्या पाटीवर शेवटपर्यंत 'येथे फर्निचर पॉलिश करून मिळेल' एवढंच लिहिलेलं होतं. गिटारचा त्यात उल्लेख नव्हता आणि तो घालावा असं मला कधी वाटलंही नाही. तरीसुद्धा ऐंशीच्या दशकात घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, आणि पलीकडे अंधेरी-बोरिवलीलासुद्धा, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारलं असतंत, की बेसचं लाकूड तडकलं किंवा रंग उडाला तर न्यायचा कुठे, तर त्याने सांगितलं असतं, "भांडुपला जा. लाकडाच्या वखारीच्या मागे वसंता बसतो, त्याच्याकडे."

तो वसंता म्हणजे मी. मला सुरातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. गणपतीच्या आरतीला मी जरा मोठ्याने आवाज लावला की बायको कोपराने ढोसते. पण लाकूड कळतं, चपडी कळते, लॅकर कळतं. चपडी म्हणजे लाखेच्या पातळ चकत्या. त्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर फिरवत राहायचं. खांदा भरून येईपर्यंत फिरवलं की लाकडाला आतून उजेड दिल्यासारखी चमक येते. लॅकर त्यामानाने आळशी माणसाचं काम. स्प्रे गनने मारायचं, वाळवायचं, घासायचं, परत मारायचं. मी दोन्ही करायचो आणि दोन्हीचा मला गर्व होता. दुकानातून अर्धवट झालेली वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, हा माझा नियम. टेबलाची खालची बाजू कुणी बघत नाही, पण मी तिलाही हात मारायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, खाली कोण बघणार?" मी म्हणायचो, "मी बघितलंय ना." हा रुबाब पुढे एका माणसाच्या पोटावर कसा आला, तेच सांगायला बसलोय.

तो माणूस म्हणजे बाबी परब. आमच्याच चाळीतला, मूळचा मालवणकडचा. गिरणीत रात्रपाळीला विणकर आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेसवाला. एकदा कार्यक्रमाहून येताना त्याचा बेस टेम्पोतून पडला आणि खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला. बाबी तो टवका रुमालात बांधून माझ्याकडे आला, अगदी पडलेला दात डॉक्टरला दाखवावा तसा. मी सरस लावून बसवला, जुन्या रंगाशी रंग जुळवला. बाबीने बेस उजेडात धरून चारही बाजूंनी फिरवला आणि त्याला सांधा काही सापडेना. पुढच्या महिन्यात तीन बेसवाले दुकानात आले. माझा हा जोडधंदा असा सुरू झाला.

ज्यांनी बेस गिटार जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गिटारला सहा तारा, ह्याला चार. पण एकेक तार कपडे वाळत घालायच्या दोरीला लाजवेल इतकी जाड. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दोन तारा तुटल्या असाव्यात. गाण्याच्या तळाशी जे धम्म धम्म चालू असतं ना, ते हा वाजवतो. लोक गायकाला टाळ्या देतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या देतात आणि बेसवाला मागे ड्रमच्या शेजारी उभा असतो. मी बाबीला एकदा विचारलं, "तुला वाईट नाही वाटत? कुणी बघत पण नाही." तो म्हणाला, "घराच्या जोत्याक कोण हार घालता रे? पण जोता काढून बघ."

मंगळवारी सहसा कार्यक्रम नसत, म्हणून मंगळवारी दुपारी ही मंडळी माझ्या दुकानात जमायची. बाबी यायचा. मरोळच्या गावठाणातून मेल्विन यायचा. त्याच्याकडे परदेशी बनावटीचा बेस होता, एका जहाजावरच्या मामाने आणलेला, आणि त्या बेसबद्दल तो इतकं बोलायचा की मामाबद्दलही आम्हाला सगळं पाठ झालं होतं. तिसरे घाटकोपरचे कीर्तीभाई. ते स्वतः वाजवत नसत. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि ते ह्या लोकांना स्पीकरची खोकी बनवून द्यायचे. आणखी दोघेतिघे येऊन-जाऊन असायचे.

बोलायचे काय? तारा कुठल्या, तारा कुठे मिळतात, कुणाच्या तारेला किती महिने झाले. परदेशी तार मिळणं तेव्हा लग्नाला चांगलं स्थळ मिळण्याइतकं कठीण. जुनी तार मऊ पडली की हे लोक ती धुण्याच्या सोड्यात उकळायचे, म्हणजे तिच्या वळ्यांत साचलेला घाम आणि मळ निघून आवाज पुन्हा ताजा व्हायचा. मेल्विनने एकदा आईच्या कालवणाच्या टोपात तारा उकळल्या. दुसऱ्या दिवशी बोंबलाच्या कालवणाला सोड्याची चव आली, तेव्हा माउलीने बेसच गच्चीवर नेऊन ठेवला. पुढचे चार दिवस तो गच्चीवर सराव करत होता.

शेजारच्या वखारीत करवत चालू असली की मात्र शब्द ऐकू यायचा नाही. त्यात मी तोंडाला रुमाल बांधलेला. मग सगळी चर्चा हातांनी चालायची, आणि हळूहळू त्या हातवाऱ्यांचीच एक भाषा झाली. पंजा पालथा करून पोटाखाली दाबला, म्हणजे आवाज खोल आहे, जमिनीतून येतोय. करंगळी हलवली, म्हणजे पातळ, पाणी घातलेलं दूध. बंद मूठ हळूच उघडली, म्हणजे आवाज खुला, सुटून येणारा. बोटांची टोकं एकमेकांवर घासली, म्हणजे तार खरखरते आहे. मला सुरातलं कळत नसलं तरी ही भाषा येऊ लागली, म्हणून माझं त्या लोकांत निभावलं. त्यात माझीही एक खूण होती. लॅकर वाळलंय की नाही ते मी अंगठा आणि शेजारचं बोट लावून बघायचो, बायका पाकाला तार आली का बघतात तसं. बोटं उघडताना चिकटली, म्हणजे अजून ओलं आहे, हात लावू नका. कुणी विचारलं, "झाला का माझा बेस?" की मी बोलायचो नाही, दोन बोटं जुळवून उघडून दाखवायचो. पुढे चहाला उशीर झाला तरी मंडळी मला तीच खूण दाखवायची.

सगळ्यात मोठं भांडण एकाच गोष्टीवरून. वरच्या पॉलिशने आवाज बदलतो की नाही? मेल्विनचं ठाम मत, की बदलतो. "अरे यार, लॅकर जाड बसलं ना, की लाकूड श्वासच घेत नाही. चपडीचा टोन खुला असतो." कीर्तीभाई हसायचे. "वसंतभाई, लाकडात काय नाय. सगळा खेळ स्पीकरचा हाय." बाबी नुसती स्वतःची बोटं वर करून दाखवायचा.

त्या सुमारास बोरिवलीचा एक गृहस्थ आला. त्याने घराचं फर्निचर नवं केलं होतं, सगळीकडे सागवानी रेघांचा सनमायका. बेस तो शोकेसशेजारी टांगायचा. त्याचा मॅचिंग सनमायका बेसवर लावून हवा होता. मी त्याला दोनदा विचारलं, "नक्की ना?" तो म्हणाला, "मिसेसची इच्छा आहे." मग माझा इलाज संपला. मी लावला, कडा घासून दिल्या आणि दुकानाच्या कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवला, कारण मलाच लाज वाटत होती.

पुढच्या मंगळवारी भांडण पुन्हा पेटलं. वखारीची जेवणाची सुट्टी होती, करवत बंद. मी दोरीवर चादर टाकली आणि तीन बेस चादरीमागे घेतले, एक चपडीचा, एक लॅकरचा आणि तो सनमायक्याचा. बाबीला मागे बसवलं. त्याने तिन्हीवर तोच तुकडा वाजवला. चादरीच्या पुढे मेल्विन डोळे मिटून ऐकत होता. पहिल्याला त्याने करंगळी हलवली. दुसऱ्याला बरा आहे अशी मान डोलावली. तिसऱ्याला त्याची बंद मूठ हळूच उघडली आणि तो म्हणाला, "हा. हा चपडीचा. डोळे मिटून सांगतो." कीर्तीभाईंनीही पंजा पोटाखाली दाबला. मी चादर ओढली. बाबीच्या मांडीवर सनमायका होता.

मेल्विन तीन मंगळवार आला नाही. चौथ्या मंगळवारी आला तो मावाकेक घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाला, "त्याच्या तारा नव्या होत्या."

आता मूळ गोष्टीकडे येतो. गिरण्या बंद पडल्या त्यात बाबीचीही गेली. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, उघडेल. मग वाटणं बंद झालं. दोन मुली शाळेत, बायको घरी शिवण घ्यायला लागली, आणि जो बेस हौसेचा होता त्यावर अख्खं घर येऊन बसलं. बाबी नाईकसाहेबांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. नाईकसाहेब म्हणजे पांढरे बूट, पांढरी सफारी आणि खिशाला तीन पेनं. त्यांच्या ऑर्केस्ट्राला आखाती देशांत चाळीस दिवसांचा दौरा मिळणार होता. तिकडचा आयोजक मुलुंडच्या एका सभागृहात कार्यक्रम बघायला येणार आणि अठरा जणांतले बारा निवडणार. गणपतीच्या आधीच्या रविवारी, दुपारी चारचा कार्यक्रम. बाबीसाठी त्या दौऱ्यात मुलींच्या शाळेची दोन वर्षं होती.

नाईकसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "परब, वाजवतोस तू छान. पण तुझी गिटार भंगारातून काढल्यासारखी दिसते. लाइटमध्ये सगळं दिसतं. चकचकीत करून आण, नाहीतर मला मेल्विनला न्यावं लागेल."

मेल्विननेही लपवाछपवी केली नाही. तो दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबी, मला विचारलंय. तू जात असशील तर मी मध्ये येणार नाही. पण तुला नाही म्हणाले, तर मी हो म्हणणार. घर मलाही आहे ना यार." बाबीने मान हलवली. मला मेल्विनबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

आठ दिवस आधी बाबीने बेस माझ्याकडे दिला. पुढचा भाग खरंच दरिद्री दिसत होता. मीच बसवलेला टवका सोडला तर जागोजागी रंगाचे पोपडे. पण गळा, म्हणजे ती लांब दांडी जिच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात, तिची पाठ वेगळीच होती. अकरा वर्षं डावा हात वरखाली फिरून तिथलं पॉलिश कधीच गेलं होतं. खालचं लाकूड उघडं पडून गुळगुळीत झालं होतं, देवळाच्या पायरीसारखं. मध्ये एका ठिकाणी अंगठा टेकून टेकून हलकीशी खळगी पडली होती.

"म्होरल्या अंगाक काय करूचा ता कर," बाबी म्हणाला. "गळ्याच्या पाठीक मात्र हात लावू नको."

"बरं," मी म्हणालो.

हे शब्द मी स्पष्ट ऐकले होते. त्या वेळी करवतसुद्धा बंद होती. ऐकण्यात चूक झाली असती तर मला आज बरं वाटलं असतं.

पावसाळी हवेत लॅकर मारणं म्हणजे दैवाशी झटापट. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि सगळं पांढुरकं, धुकं बसल्यासारखं होतं. माझं पहिलं काम तसंच गेलं. खरवडलं, परत मारलं. दोनशेचे दोन बल्ब लावलेल्या पेटीत बेस टांगून ठेवला. गुरुवारी पुढची बाजू अशी झाली की तिच्यात बघून भांग पाडावा. गडद लाल, कडेला काळा होत गेलेला. मी बेस उलटा केला आणि तो गळा दिसला. उघडा, मळकट, हाताच्या घामाने काळवंडलेला. एवढ्या देखण्या अंगाला ही पाठ! मला तो बघवेना. वाटलं, बाबीला संकोच वाटला असेल, जास्त काम सांगायचा. म्हटलं, बाबीला चकित करू. मी ती खळगी पुट्टीने भरली, घासली आणि वर लॅकरचे चार हात दिले. मनात म्हणालो, आता कुठे काम पुरं झालं.

लॅकर वरून लवकर वाळतं, पण घाईने जाड थर दिले की आतून बरेच दिवस मऊ राहतं. हे मला माहीत होतं. शिकाऊ माणसांना मी हेच बजावायचो. रविवारी दुपारपर्यंत बेस पेटीतच होता आणि मी तो चादरीत गुंडाळून रिक्षाने थेट मुलुंडला नेला. कार्यक्रमाला अर्धा तास उरला होता.

रंगमंचाच्या मागे मी चादर उलगडली. नाईकसाहेब ओरडलेच, "वा! ह्याला म्हणतात झकास!" आणि मी फुगलो. बाबीने बेस हातात घेतला, गळ्याच्या पाठीवरून डावा हात खाली नेला. हात अर्ध्यात थांबला. त्याने अंगठ्याने एक जागा चाचपली, परत चाचपली. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "माझ्या आंगठ्याची जागा खंय गेली रे?"

तेवढ्यात घंटा झाली.

मी आणि मेल्विन चौथ्या रांगेत बसलो. मधल्या खुर्च्यांवर तो आयोजक, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला काहीच कळलं नाही, कारण मला कळतच नाही. मी मेल्विनच्या हाताकडे बघत होतो. त्याची करंगळी हलली. दुसऱ्या गाण्यात त्याने कपाळाला हात लावला. "उशिरा पोचतोय," तो पुटपुटला. "हात सरकत नाहीये त्याचा. काय झालंय?" बाबीच्या मानेवरून घाम वाहत होता. ड्रमवाला दोनदा त्याच्याकडे वळून बघताना मलाही दिसला. आयोजक वाकून शेजारच्या माणसाला काहीतरी विचारत होता.

तिसऱ्या गाण्यात एक जागा अशी आली की बाबीला मोकळी तार वाजवायची होती, म्हणजे डाव्या हाताला घडीभर काम नव्हतं. त्याने तो हात वर केला, अंधारात मला शोधलं आणि अंगठा नि बोट जुळवून उघडलं. माझीच खूण. चिकटतंय.

मेल्विनने माझ्याकडे बघितलं. "गळा पॉलिश केलास तू?"

"हो."

"त्याने सांगितलं होतं?"

"नको म्हणाला होता."

मेल्विनने मला जी शिवी दिली ती दिवाळी अंकात छापता येणार नाही, पण ती योग्य होती.

मध्यंतर झालं तसे आम्ही मागे पळालो. नाईकसाहेबांनी मेल्विनला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मेल्विन, बरं झालं आलास. पुढचा भाग तू घे. परबच्या बेसवरच वाजव." एका क्षणात सगळं ठरलं असतं. मेल्विन बेसकडे बघायला लागला, मग बाबीकडे. मी ते सेकंद अजून मोजू शकतो.

"वीस मिनिटं द्या, साहेब," मेल्विन म्हणाला. "स्पीकरचा प्रॉब्लेम आहे. मी सांगतो तुम्हाला." आणि त्याने नाईकसाहेबांना दंडाला धरून बाहेर नेलं. बाहेर आयोजकही उभा होता. मेल्विनने दोघांना स्पीकर, तारा, लोहचुंबक आणि जहाजावरचा मामा हे सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ज्या बडबडीला आम्ही वर्षानुवर्षं कंटाळलो होतो, तिने त्या दिवशी मध्यंतर दहा मिनिटांचं अठ्ठावीस मिनिटांचं केलं.

इकडे माझ्याकडे काहीच नव्हतं. सँडपेपर नाही, पातं नाही, थिनर नाही. बाबी बेस मांडीवर घेऊन खुर्चीवर बसलेला. मी कॅन्टीनमध्ये धावलो. तिथे एक मावशी मोरीत चहाचं पातेलं घासत होत्या, काथ्या आणि शेगडीची राख. मी थबकलो.

"मावशी, थोडी राख द्या. आणि काथ्या."

"राख कशाला?"

"गिटारला."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पण चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण त्या कोरडी राख घेऊन माझ्यामागून आल्याच. मी बेस टॉवेलमध्ये गुंडाळला, गळ्याची पाठ फक्त उघडी ठेवली आणि काथ्या आडवातिडवा चालवायला लागलो. मऊ लॅकरच्या वळ्या निघायला लागल्या. मावशींना ते बघवेना.

"असं नव्हे," त्यांनी काथ्या माझ्या हातातून घेतला. "एकाच दिशेनं. आणि दाबायचं नाही, राखेला काम करू द्यायचं."

तीस वर्षं पॉलिश केलेला माणूस मी. मी बाजूला सरलो आणि त्या घासत गेल्या, वरून खाली, वरून खाली. चमक गेली, चिकटपणा गेला. गळा पातेल्याच्या बुडासारखा मंद, कोरडा झाला. मी ओल्या फडक्याने पुसला, मग सुक्या. बाबीने हात फिरवला. हात वरपासून खालपर्यंत न अडता गेला.

"खळगी नाही रे आणता आली," मी म्हणालो. "बाबी, चुकलं माझं."

"आता रडा नको मेल्या," तो उठत म्हणाला. "माका वाजवूचा आसा."

उत्तरार्धात मी बाबीकडे बघायचं धाडस केलं नाही, मेल्विनच्या हाताकडेच बघत राहिलो. पहिल्या गाण्यात हात मांडीवर स्थिर. दुसऱ्यात बोटं ताल धरायला लागली. तिसऱ्यात त्याची बंद मूठ हळूहळू उघडली, आणि ह्या वेळी तो काही म्हणाला नाही. शेवटच्या गाण्यात पुन्हा ती मोकळ्या तारेची जागा आली. बाबीने डावा हात सोडवला, पंजा पालथा केला आणि पोटाखाली दाबला. खोल. जमिनीतून. शेजारी मेल्विनने डोळे पुसले, आणि दौरा त्याच्या हातातून गेल्याचं त्याला माझ्याआधी कळलं होतं.

आयोजकाने बाबीला निवडलं. त्याला एकच प्रश्न विचारला, पासपोर्ट आहे का. बेसच्या चमकेबद्दल अवाक्षर नाही. मी नंतर नाईकसाहेबांना मुद्दाम विचारलं, तर ते म्हणाले, "अरे, चष्मा जवळचा होता त्यांचा. मागचं त्यांना दिसत नव्हतं." आठ दिवस मी ज्या आरशासाठी झटलो, तो कुणी बघितलाच नव्हता.

बाबी दौऱ्याला गेला, मग आणखी तीनदा गेला. दुसऱ्या वेळी मेल्विनलाही घेऊन गेले, गिटारवर. आणि इकडे बेसवाले माझ्याकडे येऊन सांगायला लागले, "गळ्याला राखेचा हात द्या." मी द्यायचो, मावशींनी दाखवला तसा, एकाच दिशेने. लोक त्याला माझी कला समजायचे. पहिल्या दोघातिघांना मी खरं सांगितलं. त्यांना तो माझा विनय वाटला, मग सांगायचं सोडून दिलं. पण त्या सभागृहात काम निघालं की कॅन्टीनमध्ये मावशींना भेटल्याशिवाय मी परत आलो नाही.

माझ्या मनातून ती खळगी मात्र गेली नाही. अकरा वर्षं एका माणसाच्या अंगठ्याने केलेलं काम मी एका दुपारी पुट्टीने भरलं होतं. बाबीकडे मी पुन्हा विषय काढला की तो म्हणायचा, "भिया नको. हात फिरत रवलो की झिजतला परत."

दशक संपता संपता मोठ्या मुलीला नोकरी लागली आणि बाबीने गावी जायचं ठरवलं. जायच्या आधी तो बेस घेऊन दुकानात आला. पुढच्या अंगाचे पुन्हा पोपडे निघाले होते. "गावाक देवळात भजनाक वाजवीन म्हणतंय," तो म्हणाला. "जरा बरो दिसाक हवो." मग त्याने बेस उलटा केला, माझा हात धरला आणि माझा अंगठा गळ्याच्या पाठीवर टेकवला. राखेचा हात केव्हाच झिजून गेला होता. उघडं लाकूड, गुळगुळीत. मध्ये हलकीशी खळगी, अंगठा बसेल एवढी. पहिल्या जागेपासून जेमतेम जवभर खाली.

ह्या वेळी मी पुढची बाजू मन लावून केली, चपडीने, खांदा भरून येईपर्यंत. गळ्याच्या पाठीला फडकंसुद्धा लावलं नाही. घामाचे डाग, मळ, सगळं होतं तसं ठेवलं. माझ्या दुकानातून अर्धवट काम होऊन बाहेर गेलेली ती एकमेव वस्तू, आणि मला विचाराल तर माझ्या हातून झालेलं तेच एक काम पुरं झालं.

बाबीने बेस घ्यायला येऊन आधी उलटा केला. हात वरपासून खालपर्यंत नेला, खळगीपाशी थांबला. शेजारी करवत चालू होती, बोलून उपयोग नव्हता. त्याने माझ्यासमोर अंगठा आणि बोट जुळवलं आणि चटकन सुटं करून दाखवलं, चिकटत नाही. मग पंजा पालथा करून पोटाखाली दाबला, आणि बेस चादरीत गुंडाळायला लागला.